मीटिंगमध्ये ठरवू

‘टीम एक असेल तर रुग्ण बरा होतो,’ असं मोठ्या डॉक्टरांनी फळ्यावर लिहिलं. पेनातली शाई संपत आल्यामुळे ‘बरा होतो’ एवढं उमटलंच नाही, पण सगळ्यांनी माना डोलावल्या.

प्रश्न वकीलबाईचा होता. मानसोपचार वॉर्डातल्या या तिशीच्या पेशंटला हे नाव स्टाफनेच ठेवलेलं, कारण ती वाद फार घालायची. फाइलवर लिहिलं होतं, व्यक्तिमत्त्व विकार. सकाळी ती एका नर्सला देवी म्हणायची, दुसरीला राक्षसीण, आणि संध्याकाळपर्यंत त्या दोघींचीच आपसात जुंपलेली असायची. म्हणून ठरलं, की तिने काहीही मागितलं तरी प्रत्येकाने एकच उत्तर द्यायचं: मीटिंगमध्ये ठरवू. मीटिंग दर गुरुवारी.

सोमवारी ती थोरल्या सिस्टरपाशी आली. हात बाह्यांत ओढून घेतलेले.

“सिस्टर, अजून एक ब्लँकेट मिळेल? थंडी वाजते.”

कपाट सिस्टरच्या पाठीमागेच होतं, किल्ली खिशात. गेल्या खेपेला हिने दारावर बूट भिरकावला, तेव्हा याच सिस्टरने तासभर शेजारी बसून तिला शिकवलं होतं: ओरडायचं नाही, फेकायचं नाही, हवं ते तोंडाने मागायचं. पोरगी शिकलीही होती.

“मीटिंगमध्ये ठरवू,” सिस्टर म्हणाली.

“ब्लँकेटचं?”

“हो.”

“बरं.”

मंगळवारी तिने समुपदेशकाला विचारलं, मग वॉर्डातल्या मावशींना. मावशी एरवी कोणाच्या बापाला भीत नसत. पण त्याही पढवल्यासारखं ‘मीटिंगमध्ये’ म्हणाल्या आणि पुसलेलीच फरशी पुन्हा पुसत बसल्या.

बुधवारी ती परत सिस्टरसमोर.

“नीटच मागितलं ना मी? काही चुकलं असेल तर सांगा.”

सिस्टरने रजिस्टर उघडलं. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

“नाही गं. तुझं नाही चुकलं.”

गुरुवारी ब्लँकेटवर चाळीस मिनिटं चर्चा झाली. समुपदेशकाच्या मते ब्लँकेट म्हणजे आईची कूस. मोठे डॉक्टर म्हणाले, आज पांघरूण, उद्या गादी. बोट दिलं की हात धरणारी माणसं ही.

“तिला थंडी वाजत असेल,” सिस्टर म्हणाली.

“अरेच्चा! तुम्हालाही फोडलं का तिने?” डॉक्टरांनी विचारलं.

हशा पिकला. सिस्टरही हसली, आणि आपलंच हसू ऐकून तिने मान खाली घातली. निर्णय पुढच्या गुरुवारवर गेला.

निरोप सांगायला तिलाच पाठवलं. वकीलबाईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं, दोघींच्या मधलं अंतर नजरेने मोजलं, आणि कोणाला लागणार नाही अशा बेताने हातातला स्टीलचा पेला समोरच्या भिंतीवर फेकला.

“सॉरी, सिस्टर,” ती म्हणाली. “तुमची पद्धत तीन दिवस करून बघितली मी.”

आवाज ऐकून डॉक्टर धावत आले. ‘म्हटलं नव्हतं मी?’ हे त्यांना म्हणावंही लागलं नाही, चेहऱ्यावरच होतं. वकीलबाईला निरीक्षण-खोलीत हलवायचं ठरलं. यासाठी मीटिंग लागत नाही.

सिस्टर पुढे जाऊन तिथली खाट लावू लागली. वकीलबाई दारात उभी राहून बघत होती. सिस्टरने काही वर पाहिलं नाही.

निरीक्षण-खोलीत प्रत्येक पेशंटला नियमानेच दोन ब्लँकेट मिळतात.