पितृदोषाचे हिरवे खडे

आमच्या कांचघर मोहल्ल्यात रविवारी सकाळी डबे घेतलेली रांग पाहून नव्या माणसाला वाटावं, दूध मिळतंय. डब्यांत खडे होते. हिरवे, मऊ, ज्याच्या त्याच्या पोटातून निघालेले.

खडे पाडायचं औषध देणारे खडेवाले महाराज डबा उघडत आणि निकाल देत. "ये देखो, पितृदोष! खून की चरबी पत्थर बनके निकल गई. अब गोली बंद!"

माझे भाऊजी नीलकंठ यांचे वडील आणि काका, दोघेही बावन्नच्या आत हृदयविकाराने गेले. भाऊजींना यंदा बावन्नावं लागणार होतं, त्यामुळे आपल्या डब्यातला पितृदोष त्यांना चटकन पटला. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या त्यांनी त्याच दिवशी सोडल्या. माझी बहीण बेबी रडत होती आणि मला संताप आला होता.

त्यांची मुलगी मेघना डॉक्टर. ती मला म्हणाली, "मामा, तुमचा रिपोर्ट नॉर्मल आहे ना? चलो, तुम्हीच घ्या महाराजांचं औषध."

घेतलं. वाटीभर तेल, लिंबाचा रस, जुलाबाचं मीठ. पुढचं लिहीत नाही. माझा डबा भाऊजींपेक्षा जास्त भरला.

पुढच्या रविवारी महाराजांनी तो पाहून कानाला हात लावला. "बाप रे! सात पीढ़ी का दोष!"

माझे वडील पंच्याऐंशीचे आहेत आणि रोज नदीवर ग्वारीघाटला पायी जातात.

मेघनाने ते खडे सगळ्यांसमोर गरम पाण्याच्या पातेल्यात टाकले. खडे वितळले, वर तेल तरंगलं. "हे प्यायलेलंच तेल. पोटात त्याचा साबणासारखा गोळा होतो, पित्ताने हिरवा दिसतो. रक्तातलं कोलेस्टेरॉल असं निघत नाही."

रांगेतल्यांनी आपापल्या डब्यांकडे पाहिलं. महाराजांना एकाएकी दुसरं काम आठवलं आणि ते उठून निघाले.

भाऊजी मात्र अडून बसले. "मग आमच्याच घरचे काहून मरून राहिले?"

"पूर्वजांकडून आलंय, एवढं खरं आहे, पप्पा. यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल आत ओढतं, त्यासाठी त्याला दारं असतात. दार कसं बनवायचं, ते आपल्या डीएनएत बरोबर लिहिलंय. पण किती बनवायची, हे ठरवणारा शेजारचा तुकडा आजोबांकडून बिघडलेला आला. दारं कमी पडतात. गोळीने ती वाढतात."

"तुला काय माहीत, आपल्यात तेच आहे म्हणून?"

"माझी तपासणी झाली. मला ते तुमच्याकडून आलंय. मी रोज गोळी घेऊन राहिली."

भाऊजींनी डबा खाली ठेवला. त्यांचे डोळे भरले, आणि खोटं कशाला सांगू, माझेही.

"बेबी, माझी गोळी कुठे ठेवली?"

ती बेबीने आठवडाभर पर्समध्येच बाळगली होती.

पूर्वज निवडता येत नाहीत, पण त्यांनी काय दिलं ते तपासता येतं. तेव्हा वाचकहो, डबा भरण्याआधी रक्त तपासा. आणि गोळी बंद करायचीच असेल, तर ज्याने ती दिली त्याला विचारा.