अकरा वाजता सापडलेली खूण

आमच्या पाळणाघरात सकाळी दाराशी उभं राहायचं काम माझं. मूल आलं की त्याच्या आईबापांच्या देखत मी त्याच्या बाह्या वर करते, पायजमा गुडघ्यापर्यंत सरकवते, पाठ बघते, आणि हे सगळं काऊ-चिऊच्या गप्पा मारता मारता. खरचटलेलं असो, टेंगूळ असो नाहीतर डास चावलेला असो, सगळं खुणांच्या वहीत जातं. या वहीत रोज प्रत्येक मुलाचं एक पान. पानावर छोट्या मुलाची छापील आकृती, एक पुढून, एक मागून. खूण असेल तिथे लाल पेनाने ठिपका काढायचा, शेजारी कारण लिहायचं आणि खाली मुलाला आणणाऱ्याची सही घ्यायची.

नवीन आईबापांना हे झोंबतं. एक बाबा म्हणाले होते, भाड्याने गाडी घेताना ओरखडे मोजून घेतात तसं चाललंय तुमचं. मी म्हटलं, अगदी तसंच, कारण गाडीला सांगता येत नाही आणि तुमच्या लेकीलाही अजून येत नाही. तेव्हापासून ते दारातूनच मुलीची बाही वर करून येतात.

कायदाच आहे तसा आम्हाला. मुलाच्या अंगावर कारण न कळलेली खूण दिसली, तर ती लिहायची आणि त्याच दिवशी वर कळवायची. माणूस ओळखीचा आहे, चांगल्या घरातला आहे, असा विचार आपण करायचा नाही. हे मी नवीन मुलींना शिकवते. तोंडपाठ आहे मला.

आता माझी चूक सांगते. माझी स्वतःची मुलगी, ठकी, तीही याच पाळणाघरात असते. पावणेदोन वर्षांची आहे. सव्वासातला आम्ही दोघी मागच्या दाराने आत येतो, मी तिला छोट्यांच्या खोलीत मावशींकडे देते आणि पुढच्या दाराशी जाऊन उभी राहते. दहा महिन्यांत खुणांच्या वहीत ठकीचं एकही पान नव्हतं. माझ्याच मुलीला मी कशाला तपासू आणि माझ्यापुढे माझीच सही काय घेऊ, असं काही ठरवून मनात आलं होतं असंही नाही. ते मनात आलंच नव्हतं.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला रंगांच्या पाण्याची वाटी ठकीने अंगावर ओतून घेतली. मावशींनी तिचा लांब बाह्यांचा झगा काढला, तर डाव्या दंडावर निळसर डाग. चार ओळीने, आणि मागच्या बाजूला एक. कुणीही बघितलं तरी कळावं: चार बोटं आणि एक अंगठा.

मावशींनी मला हाक मारली नाही. मोठ्या बाईंना बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या पाळणाघराच्या प्रमुख. दुसऱ्या कुणाचं मूल असतं तरी मावशींनी हेच केलं असतं, आणि मला हे सगळं कळलं तेव्हा बाई ऑफिसात वही उघडून बसल्या होत्या.

सकाळच्या पानावर नसलेली खूण दुपारी दिसली, तर ती इथेच झाली असं आम्ही धरून चालतो. ठकीचं तर पानच नव्हतं. आणि सकाळपासून ती होती मावशींच्या खोलीत. म्हणजे कारण कळेपर्यंत मावशींनी कुठल्याच मुलाजवळ जायचं नाही, आणि संध्याकाळपर्यंत ते कळलं नाही तर बाईंनी बालसंरक्षण कार्यालयाला फोन करायचा. मावशी, ज्यांनी मला रडतं मूल खांद्यावर कसं घ्यायचं ते शिकवलं. ज्यांच्या कुशीतच माझी ठकी दुपारी झोपते.

बाईंना ते तोंडाने म्हणवेना. मावशींनीच एप्रनची गाठ सोडली, तो घडी घालून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, लिहा तुम्ही, मी काय बघितलं ते सांगते. सांगून झाल्यावर धुलाईच्या खोलीत जाऊन नॅपकिनच्या ढिगाऱ्यापुढे बसल्या.

मी बाईंना म्हटलं, मावशींनी असं केलेलं नाही, मी लिहून देते. बाईंनी चष्मा काढला.

"आत्ता तुम्ही इथल्या ताई नाही, ठकीची आई आहात. सकाळी तिचा दंड बघितला होता?"

नाही, म्हटलं.

"काल आंघोळीच्या वेळी?"

आंघोळ सासूबाई घालतात. सकाळी कपडेही त्यांनीच घातले होते. मी संध्याकाळी सातला घरी पोचते, आठवड्यातून चार दिवस मोठ्या मुलांचा वर्ग असतो म्हणून. दोन ते सात ठकी आजीकडे. सांगताना मला माझीच लाज वाटली. इतक्या आयांना मी हे प्रश्न विचारले होते, आणि उत्तर न येणाऱ्या आईकडे बघून मनात काय म्हणत होते तेही आठवलं.

घरी फोन लावला. दंडावर, बोटांचे, असं काही बोलू नका, बाईंनी बजावलं होतं. ठकीच्या अंगावर खूण दिसलीय एवढंच मी म्हटलं. सासूबाई म्हणाल्या, काही नाही गं, कुठे काय. फार पटकन म्हणाल्या. एरवी त्यांना दूध उतू गेलेलं सांगायलाही पाच मिनिटं लागतात. मग मी सांगितलं की मावशींना खोलीबाहेर बसवलंय. मागे नळ वाहत होता, तो बंद झाल्याचं ऐकू आलं. मग फोनच बंद झाला.

चाळीस मिनिटांनी सासूबाई दारात. एका पायात त्यांची चप्पल, दुसऱ्यात माझ्या नवऱ्याची. आमच्या नवीन मुलीने नियमाप्रमाणे पाहुण्यांच्या वहीत नाव, नातं, वेळ लिहायला लावली. नातीला भेटायला आता परवाना लागतो का, असं पुटपुटत त्यांनी सगळं टापटीप अक्षरात लिहिलं. बाई मला बाहेर थांबा म्हणाल्या, पण सासूबाईंनीच अडवलं. ती बसू दे, तिच्यासमोरच सांगायचंय.

बाईंनी आधी विचारलं, खूण कुठे आहे. सासूबाईंनी स्वतःचा डावा दंड धरला, अंगठा मागे. मग कापडी बाहुली पुढे ठेवून बाई म्हणाल्या, झालं कसं ते दाखवा.

काल सहा वाजता ठकी खुर्चीवरून खिडकीच्या कट्ट्यावर चढली. सासूबाई दोन पावलांवर कपडे घडी करत होत्या. खिडकीला जाळी आहे, पण ठकी वळली ती खोलीच्या बाजूला, आणि पाय घसरला. हाताला आला तो दंड त्यांनी पकडला. मूल एका दंडावर लोंबकळलं. दोन मिनिटं रडली, मग बिस्कीट मागितलं. हात नीट हलवत होती. आंघोळीच्या वेळी डाग दिसले. म्हणून सकाळी लांब बाह्यांचा झगा.

सांगताना त्यांनी बाहुलीचा दंड इतका घट्ट धरला होता की बाईंना तो हळूच सोडवावा लागला.

"आई, मला का नाही सांगितलंत?"

"मागच्या महिन्यात ती सोफ्यावरून पडली ते सांगितलं होतं ना. तू रागावली असतीस तर परवडलं असतं. तू दोन दिवस नुसतं 'राहू द्या आई, मी घेते' करत होतीस. म्हटलं, आता हेही कळलं तर संध्याकाळसुद्धा जाईल माझ्याकडून."

ते दोन दिवस मला चांगले आठवत होते. मी किती समजूतदारपणे वागले, असं तेव्हा मला वाटलं होतं. मी त्यांचा हात हातात घेतला, त्याला अजून साबणाचा वास होता, आणि म्हटलं की संध्याकाळ तुमचीच आहे, फक्त मला सगळं सांगत जा. त्या म्हणाल्या, सगळं? मी म्हटलं, सगळं.

बाईंनी त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले, सही घेतली. याची प्रत कार्यालयात जाईल, कदाचित कुणी घरी येऊन खिडकी बघतील, घाबरायचं नाही, असं म्हणाल्या. येऊ देत, सासूबाई म्हणाल्या, खिडकी दाखवीन आणि खुर्चीही दाखवीन, ती तर आता माळ्यावरच जाणार आहे. मग बाईंनी एक ओळ माझ्या फाइलमध्ये लिहिली, दहा महिने सकाळची तपासणी चुकवली म्हणून, आणि एक स्वतःच्या, ते लक्षात आलं नाही म्हणून. खरं सांगायचं तर माझी ओळ वाचून मला हलकंच वाटलं.

धुलाईच्या खोलीत नॅपकिनांचे सहा सरळ मनोरे उभे होते. सासूबाईंनी मावशींपुढे जाऊन सगळं सांगितलं आणि हात जोडले, जे मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होते. मावशी म्हणाल्या, अहो, तुम्ही धरलंत म्हणून डोकं वाचलं पोरीचं. आणि मला वीस वर्षांत पहिल्यांदा दीड तास बसायला मिळालं, कुणाचं नाक पुसावं लागलं नाही. मग एका टॉवेलची गुंडाळी करून त्यांनी दाखवलं, मूल असं काखेतून उचलायचं, दोन्ही हातांनी, आणि वेळ नसेल तर मिठीच मारायची. सासूबाईंनी तीनदा करून बघितलं. तिसऱ्यांदा मावशी म्हणाल्या, टॉवेलचा जीव घ्याल आता.

मग मावशींनी एप्रन बांधला आणि छोट्यांच्या खोलीत गेल्या. काचेतून आम्ही दोघी बघत होतो. ठकी सोडून सगळे झोपले होते. ती गादीवर बसून दाराकडे बघत होती, आणि मावशी दिसताच हात वर करून लगेच आडवीच झाली, जणू मावशींमुळेच तिची झोप खोळंबली होती.

त्याला आता तीन महिने झाले. संध्याकाळी सातला मी दार उघडते आणि बुटांची लेस सोडायच्या आत सासूबाई सुरू होतात. किती वाजता शिंकली, कुणाच्या मांजराच्या मागे धावली, कुठला गुडघा कुठल्या दारावर आपटला. नवरा म्हणतो, बातम्या लावायची गरजच उरली नाही. मी पायरीवर बसून सगळं ऐकते. कालचं असं, की ठकीने मेणाचा खडू खाल्ला, हिरवा.

"पूर्ण?" मी विचारलं.

"अर्धा," सासूबाई म्हणाल्या. "उरलेला ठेवलाय जपून. बघतेस?"