रविवारची झोप

भिमाबाईंकडून मुलाला घरी आणलं की नमिता आधी त्याचा शर्ट वर करायची. पाठ बघायची, दंड बघायचे, मांड्या बघायच्या. तळोज्याच्या त्या सोसायटीत जिन्यावर कोणी भेटलं तर हसून शर्ट खाली ओढायची, आणि दार लावलं की पुन्हा वर. शिवतेज तीन वर्षांचा. त्याला हा खेळच वाटायचा.

वळ काही सापडत नव्हता. पण वळ सापडला नाही म्हणून संशय कधी थांबलाय का? काही आठवड्यांपासून पोरगं झोपेतून उठून बसत होतं. डोळे सताड उघडे, ओळख मात्र नाही. हातपाय झाडत ओरडायचं, ‘नको, सोड, सोड.’ आईने जवळ घेतलं तर आईलाच ढकलायचं. सकाळी विचारावं तर काही आठवत नसे. नमिता वाशीला ऑफिसात, नवरा तेजस कंपनीत. दिवसभर मूल खालच्या मजल्यावरच्या भिमाबाईंच्या हाती. मग ‘सोड’ म्हणत होतं ते कुणाला?

शिवाय पुरावा होता. रविवारी मूल भिमाबाईंकडे नसायचं, आणि नेमकं रविवारीच रात्रभर गाढ झोपायचं.

सासूबाईंकडेही पुरावा तोच, आरोपी वेगळा. सखूबाई दर रविवारी जुईनगरहून यायच्या आणि मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून नातवाची दृष्ट काढायच्या. मिरच्या तव्यावर जाळूनही ठसका लागला नाही की मान हलवायच्या.

“लागलेलीच हाय. आनि ऐक, दृष्ट काढल्यावं त्या राती पोराला दवा द्याचा नाय. गुन जातो.”

दवा म्हणजे सर्दीचं सिरप. आसपासच्या बांधकामांच्या धुळीने शिवतेज सारखा शिंकायचा, म्हणून डॉक्टरांनी रोज झोपताना एक चमचा द्यायला सांगितलेलं. याने झोपही छान लागेल, असं म्हणाले होते. एका चमच्यावरून सासूशी कोण वाद घालणार? रविवारी नमिता बाटली फ्रिजवरच राहू द्यायची.

शेवटी एका शनिवारी तिचा तोल गेला. भिमाबाईंच्या दारात, शेजाऱ्यांची दारं उघडी असताना, तिने विचारलं, “मावशी, खरं सांगा. मारता का तुम्ही याला?”

एरवी भिमाबाई नमिताला लेकीसारखं अगं-तुगं करायच्या. “सोमवारपासनं आणू नका,” एवढंच त्या म्हणाल्या, आणि शिवतेजचे धुतलेले कपडे पिशवीत घालून दिले. गुन्हा अंगाशी आला म्हणून गप्प बसल्या, असं नमिताला वाटलं. माणसाला पाहिजे तेच वाटतं.

सोमवारपासून तिने रजा घेतली. मूल दिवसभर तिच्याजवळ, तरी रात्री तोच आरडाओरडा. मंगळवारीही तेच.

“भीती बसलीय त्याच्या मनात. एवढ्यात नाही जायची,” तेजस म्हणाला. नमिताला ते लगेच पटलं, कारण तिला पटवूनच घ्यायचं होतं.

बुधवारी अमावास्या. सखूबाई मिरच्या घेऊन मधल्या वारीच उगवल्या. त्या रात्री शिवतेज सकाळपर्यंत हलला नाही. चहा पिताना सासूबाईंचा तोरा बघण्यासारखा होता.

“सांगत व्हते ना? दृष्टच ती.”

तुमच्या मिरच्यांनी काही होत नाही, असं नमिताच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मग झालं कशाने? काल काही रविवार नव्हता. भिमाबाईंकडे तर मूल शनिवारनंतर गेलंच नव्हतं. तरी परवा ओरडलं आणि काल झोपलं. रोज असतं असं काय काल नव्हतं? तिची नजर फ्रिजवर गेली आणि बाटलीवरच अडकली.

त्या रात्री तिने मुद्दाम सिरप दिलं नाही. शिवतेजचं नाक वाहिलं, शिंका आल्या, पण झोपला तो अगदी शांत.

“बहुतेक मुलांना याने गुंगी येते,” दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले. “काहींना उलटं होतं. झोपेत बिथरतात, ओरडतात. हे बंद करा, मी दुसरं देतो.”

झालं, एवढंच. लाडीगोडी लावून रोज तो चमचा भरवणारा हात नमिताचाच होता. तिला स्वतःची लाज वाटली, आणि भिमाबाईंसमोर जायची त्याहून जास्त भीती.

तरी ती गेली. सगळं सांगितलं, हात जोडले. भिमाबाईंनी ऐकून घेतलं. शिवतेज आईचा हात सोडून आत पळाला आणि त्यांच्या पदराला झोंबला. त्यांचाही जीव होताच त्याच्यावर.

“आणा सोमवारपासनं,” त्या म्हणाल्या. पूर्वी त्या ‘आण गं’ म्हणाल्या असत्या.

सोमवारी संध्याकाळी नमिता त्याला न्यायला गेली. भिमाबाईंनी मुलाला तिच्यासमोर पाठमोरं उभं केलं आणि त्याचा शर्ट वर केला. घरचा तो खेळ शिवतेजनेच कधीतरी त्यांना दाखवला असणार.

“बघून घ्या.”

“मावशी, नको हो.”

“बघून घ्या. मग न्या.”

मंगळवारी तसंच, बुधवारीही तसंच. गुरुवारी भिमाबाईंना हातही लावावा लागला नाही. आई दारात दिसताच शिवतेज हसत पुढे आला, गर्रकन वळला, आणि त्याने स्वतःच शर्ट वर धरला.