अनुजच्या हातचं पाणी

मित्रांनो, पाम गावात कमलाकांत मास्तरांच्या ओटीवर बसलेला म्हातारा रांजण तो मीच. काठाचा टवका उडालाय, पण ऐकू सगळं येतं.

महादू कुंभाराने मला घडवलं तेव्हा मी केवढा ताठ होतो! बोईसरच्या कारखान्यांत जाणारे कामगार थांबायचे, पाणी प्यायचे, "ठंडा है, काकी" म्हणायचे. काकी म्हणजे मास्तरांच्या काशीबाई. त्या मला घासायच्या आणि त्यांचा मुलगा अनुज कामावर निघण्याआधी मला भरायचा. घरच्या विहिरीचं पाणी केव्हाच नासलं होतं, म्हणून तो लांबच्या नळावरून हंडे आणायचा.

संध्याकाळी शेजारचे रूबेनभाऊ यायचे. ते बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, निवृत्त फिटर. मग मास्तरांची आणि त्यांची जुंपायची. विषय एकच, माणूस सुखी कशाने होतो?

मास्तर मला टिचकी मारून म्हणायचे, "रूबेन, उपनिषदं काय सांगतात? ह्या रांजणातलं आकाश आणि बाहेरचं आकाश एकच. मी म्हणजे हे मडकं, हा भ्रम गेला, हवं-नको सुटलं, की उरतो तो आनंदच."

"छे हो मास्तर! आमची गूढविद्या, कब्बाला, म्हणते, हवंसं वाटणं सोडू नका. जग घडताना देवाचा उजेड पेलवला नाय, म्हणून पहिली भांडी फुटली. आपण तुकडे वेचायचे, सांधायचे, आणि मिळेल ते दुसऱ्याला देता यावं म्हणून घ्यायचं. सुख त्यात हाय."

मला दोघांचंही पटायचं. पोट भरलेलं असलं की काय, काहीही पटतं.

यंदा चैत्रात अनुजच्या कारखान्यात स्फोट झाला. सकाळी मला काठोकाठ भरून गेलेलं पोर संध्याकाळी कापडात गुंडाळून आलं. अंगणात नुसता आकांत. रूबेनभाऊ धावत आले. त्यांच्यात रीत आहे, मरण आलं की त्या घरातलं आणि शेजारपाजारचं साठवलेलं पाणी ओतून टाकायचं. स्वतःच्या घरचं ते ओतून आले होते. डोळे पुसत, मोठ्या मायेने त्यांनी मला कलंडवलं.

काशीबाई किंचाळल्या, "भाऊ, काय केलंत हे! माझ्या पोराच्या हातचं शेवटचं पानी होतं ते!"

रूबेनभाऊंचे हात तसेच राहिले.

त्या दिवसापासून बाईंनी अन्न जवळजवळ टाकलंच. मास्तर त्यांच्याजवळ बसून म्हणाले, "काशी, मडकं फुटलं म्हणून आकाश का फुटतं?" पण मला टिचकी मारली नाही.

"तुमचं आकाश ठेवा तुमच्याकडं. मला पानी हवं होतं."

रूबेनभाऊ रोज हंडा भरून आणायचे. बाई आडव्या यायच्या. "हात लावू नका. आत त्याची ओल हाय." रूबेनभाऊ भरला हंडा घेऊन परत जायचे. तहानलेले कामगारही आत डोकावून पुढे निघायचे.

खरंच होती हो ओल. मातीचा मी, धरून ठेवली होती. रोज दुपारी बाई आत हात घालून तळ चाचपायच्या आणि ओली बोटं डोळ्यांना लावायच्या. मी जिवाचा आटापिटा केला, पण वैशाखाच्या उन्हापुढे माझं काय चालणार? एका दुपारी बोटं कोरडी आली. बाई रडल्या नाहीत. हात तसाच आत ठेवून बसून राहिल्या. मला तेव्हा फुटून जावंसं वाटलं.

संध्याकाळी रूबेनभाऊ हंडा घेऊन कुंपणाशी आले, तशा बाई म्हणाल्या, "भरा आता. आत काय नाय उरलं."

त्यांनी मला भरलं. मास्तर आणि ते आता एकाच बाकावर बसतात, पण वाद घालत नाहीत.

मित्रांनो, मला नाही जपलंत तरी चालेल. पण दुःखाच्या घरी जाल तेव्हा आपलं ज्ञान आणि आपली रीत जरा बाहेर ठेवा. कशालाही हात लावण्याआधी त्या घरच्या माणसाला विचारा, "लावू का?" रूबेनभाऊंसारख्या भल्या माणसाचं तेवढंच विचारायचं राहिलं.