फुलसिंग मामाची बावीस हॉटेलं

"मामा, मुंबईत तुमी नेमकं खाता काय?"

पुजानं विचारलं आणि ती दोन पावलं मागं सरकली. मागं तिच्या वर्गातल्या संगिता आणि शबनम उभ्याच होत्या, तिला पुन्हा पुढं ढकलायला. पैज त्यांनीच लावली होती. विचारलंस तर आठवडाभर तुझं दप्तर आम्ही वाहू, आणि नाही विचारलंस तर औंढ्याच्या वक्तृत्व स्पर्धेत मिळालेला चषक महिनाभर शबनमच्या घरी राहील. तो चषक पुजा उशाशी घेऊन झोपायची. त्यामुळं विचारणं भागच होतं.

प्रश्न दिसायला साधा. पण कनेरगाव नाक्याजवळच्या त्यांच्या बंजारा तांड्यावर फुलसिंग मामाला असं विचारायचं, म्हणजे नागनाथाच्या पुजाऱ्याला 'देव घरी आहेत का' असं विचारण्यातला प्रकार. मामा अठरा वर्षं हिंगोलीच्या मोंढा बाजारातून हळद भरून ट्रक मुंबईला नेत होता. हळदीनं त्याच्या कानाच्या पाळ्यासुद्धा पिवळ्या झाल्या होत्या. परत आला की तो लिंबाखाली बसायचा आणि मुंबईतल्या हॉटेलांचं वर्णन सांगायचा. एकूण बावीस हॉटेलं, त्यातली सात फार आवडीची. अख्खा तांडा ऐकायला जमायचा. ज्या म्हाताऱ्यांनी वाशिमच्या पुढचा रस्ता पाहिला नव्हता, ते एकमेकांना बजावायचे, "माटुंग्याच्या उडप्याकडं शनवारी जाऊ नका बरं, लई गर्दी राहते."

आणि ह्या बावीस हॉटेलांच्या जोरावर पुजा वर्गात बोलून बसली होती. चषक मिळाल्यापासून तिचा हात तिच्या आधी वर जायचा. नववीची सहल मुंबईला निघणार, हे सांगून मुख्याध्यापक रामप्रसाद सरांनी काळजीच्या सुरात विचारलं, "बेचाळीस पोरं, सहा जेवणं. खाण्याचं कसं करायचं?" गेला हात वर. "सर, माझ्या मामाला मुंबईतली बावीस हॉटेलं पाठ आहेत." सरांनी जागच्या जागी तिला भोजनप्रमुख केलं आणि शुक्रवारपर्यंत यादी मागितली.

आतली गोष्ट वेगळी होती. पुजानं पंधरा वर्षांच्या आयुष्यात हॉटेलात एक घाससुद्धा खाल्ला नव्हता. घरात भाकर असताना बाहेरचं काहून, असा तिच्या घरचा कायदा. ईदला शबनमकडं ती तीन वाट्या शीरखुर्मा ओरपायची, पण ते घर झालं. हॉटेल म्हणजे कसं, आपण सांगावं आणि कुणीतरी अनोळखी माणसानं ते आणून पुढ्यात ठेवावं. ह्या सहा जेवणांसाठी ती भोजनप्रमुख झाली होती, बाकी सगळा बहाणा.

शंका काढली शबनमनं. तिच्या वडलांचं, फारुकचाचांचं, नाक्यावरच चहाभज्याचं हॉटेल होतं, त्यामुळं धंद्यातलं तिला कळायचं. ती म्हणाली, "तुझा मामा खुर्ची सांगते, पंखा सांगते, हात धुवायची जागा सांगते. तिखट होतं का गोड होतं, हे कधी सांगितलं का त्यांनं?"

पुजानं बोटांवर बावीसही हॉटेलं मोजून पाहिली. खरंच नव्हतं सांगितलं.

तर मामानं हातातला पाना ट्रकच्या पायरीवर ठेवला आणि आश्चर्यानं भाचीकडं पाहिलं.

"काय खातो म्हणजे? भाकर."

"हॉटेलात भाकर मिळते?"

"मिळंल कशाला. तुझ्या मामीनं बांधून देल्लेली. जिवनबाईची भाकर असल्यावर मी दुसरं काहून खाऊ?"

मग तो रंगात आला. आजवर कुणी इतकं खोलात विचारलंच नव्हतं. "गिरगावात एक इराणी हाय. टेबल संगमरवरी, गारेगार. उन्हाळ्यातबी भाकर वाळत न्हाई. मालक पेपर वाचत बसते, दोन तास पान उलटत न्हाई. एक नंबर जागा. उडप्याकडं तकलीफ अशी, की लोक आपल्या मानंवर उभे राहतात. चावायला टाइमच न्हाई, तिथं मऊ भाकर न्यायची. चौपाटीवर वारं फार, पातळ भाकर उडून जाते. अन् कबाबाची एक गल्ली हाय तिकडं, तिथं धूरच असा की ठेचा लावायची गरज पडत न्हाई. धुरात धरायची अन् खायची."

"अन् ते समुद्रासमोरचं, लई मोठं?" संगितानं न राहवून विचारलं. तिला त्या हॉटेलाची गोष्ट तोंडपाठ होती.

"खुर्ची बराबर हाय. दारातल्या माणसानं सलाम केला, मीबी केला. पण उजेड कमी. एकदा ठेचा समजून रुमालाच्या लाल फुलाला भाकर पुसत बसलो."

"पण मामा, मागवलं काहून न्हाई काहीच?"

मामानं पाना पुन्हा हातात घेतला. "पहिल्या वेळी त्यांनं पुस्तक आणून देल्लं. दोनशे चौदा जिन्नस होते त्यात. मी चाळीसपर्यंत वाचत गेलो. मंग वाटलं, एक मागावं तर बाकीच्या दोनशे तेरांना काय वाटंल. म्हणलं, चहा आणा. अन् गाठोडं सोडलं. तवापासून तसंच चालू हाय."

परतताना दप्तर संगिताच्या पाठीवर होतं, पण पुजाचेच खांदे पडले होते. सहाच्या सहा जेवणं तिला भाकरीसारखी गोल दिसायला लागली. तिनं एक डाव टाकला. मामा बोलला तशीच यादी लिहायची, गार टेबल, धूर, वारा, घरची भाकर, सगळं. सर वाचतील, डोक्याला हात लावतील आणि म्हणतील, हे काय, दुसऱ्या कुणाला तरी विचार.

सरांनी यादी दोनदा वाचली. चष्मा काढला, पुसला, तिसऱ्यांदा वाचली.

"पुजा," ते भरल्या आवाजात म्हणाले, "मी अकरा सहली नेल्या. अकराही वेळा पोरं आजारी पडून आली. तुझ्या यादीत एकसुद्धा जुलाब नाही."

दुसऱ्या दिवशी पालकसभा भरली. असा आनंद त्या शाळेनं निकालाच्या दिवशीही पाहिला नव्हता. लेकरं मुंबईच्या नामी हॉटेलांत बसणार आणि खाणार घरचं, यापेक्षा आणखी काय पाहिजे. पुजाची आई, तिची याडी, रुख्मिणीबाई उभी राहून म्हणाली, "ज्वारीच्या भाकरीला तिसऱ्या दिवशी काही होत न्हाई, दशम्या चौथ्या दिवशीबी चालतात." बाकीच्या आयांनी तिथंच वाटणी करून घेतली. पुजाच्या बाला, उत्तमसिंगला, पोरीचा इतका अभिमान वाटला की त्यानं बसल्याजागी दोनदा टोपी काढून घातली. पुजा मात्र पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसली होती. इतकं कौतुक आणि तोंडाला चव नाही.

मामानं तेवढ्यात एक अडचण मांडली. एकटा माणूस चहा सांगून गुपचूप गाठोडं सोडू शकतो. बेचाळीस गाठोडी एकदम सुटली तर आवाज होतो. यासाठी सराव पाहिजे.

म्हणून रविवारी सकाळी फारुकचाचांच्या हॉटेलात रंगीत तालीम ठरली. सातच बाकडी, म्हणून पोरं दाटीवाटीनं बसवली, उरलेली पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर. फारुकचाचा मॅनेजर. त्यांनी काम इतकं मनावर घेतलं की निकाहातला कोट घालून आले. बटणं कशीबशी लागली होती, म्हणून पोट आत ओढून बोलत होते. रामप्रसाद सरांकडं शिट्टी. पहिल्या शिट्टीला बसायचं, दुसऱ्या शिट्टीला चहा सांगायचा, तिसऱ्या शिट्टीला मांडीवरच्या मांडीवर गाठ सोडायची. पालक रस्त्याच्या कडेला, लग्नात उभे राहतात तसे. मामा बाकड्यांमधून फिरत होता, "कोपर आत. मान खाली. मॅनेजरशी नजर मिळवायची न्हाई."

"और क्या लेंगे साब?" फारुकचाचा पोट आत ओढून विचारत होते.

"बस, चाय," बेचाळीस पोरं खालच्या आवाजात म्हणत होती.

कढई मात्र चालू होती. मामाचंच म्हणणं पडलं, की वास नसंल तर हॉटेल खरं वाटत न्हाई. पुजा बरोबर कढईसमोर बसलेली. तिच्या डोळ्यांदेखत हिरव्या मिरच्या पिठात बुडत होत्या, तेलात पडत होत्या, फुगून वर येत होत्या. आपल्याच नाक्यावर, आपल्याच मैत्रिणीच्या हॉटेलात आपण न खाण्याचा सराव करून राहिलो, हे तिच्या ध्यानात आलं. मुंबईत तर कढया किती असतील.

तिसरी शिट्टी वाजली. एकेचाळीस गाठी सुटल्या.

"फारुकचाचा," पुजा म्हणाली, औंढ्याला शेवटच्या रांगेपर्यंत पोचला होता त्या आवाजात, "एक प्लेट मिरची भजी."

चाचांचं ओढलेलं पोट सुटलं आणि कोटाची वरची शिवण उसवली. चाचा हळूच म्हणाले, "बेटी, ये तालीम में नहीं है."

"मला माहीत आहे."

सरांच्या तोंडातली शिट्टी नुसतीच हवेनं फुरफुरली. मामा जवळ आला, त्याचा आवाज दुखावलेला होता. "भाकर असताना, पुजे?"

प्लेट आली. शबनमनंच आणून ठेवली, चेहरा कोरा ठेवून, अनोळखी माणसासारखी. पुजानं हात पुढं केला, तर तिच्या आधी दुसराच हात आला, बांगड्यांनी भरलेला. जिवनबाई मामी पालकांतून चालत येऊन उभी होती. तिनं भजं तोडलं, खाल्लं, जरा विचार केला.

"फारुकभाई, आज मीठ कमी पडलं."

कमी कशापेक्षा, हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडावर दिसत होता.

"असं काय पाहून राहिले सगळे," मामी म्हणाली. "दर बाजारच्या दिवशी खाते मी इथं. हे मुंबईला गेले की बाजार उरकते अन् त्या कोपऱ्यात बसते. अठरा वर्षं झाली."

मामानं शेजारच्या पोराच्या हातातली भाकर उचलून दाखवली. "अन् भाकर?"

"भाकर तुमाला बांधून देते की. मला कटाळा येतो तिचा."

मामा बसला. त्यानं पिवळ्या बोटांनी बाकड्यावरचं पाणी इकडून तिकडं केलं. मग त्यानं मान वर केली आणि मॅनेजरशी नजर मिळवली.

"पुस्तक हाय का?"

"दो ही चीज है, फुलसिंगभाई. चाय और भजी."

मामानं डोळे मिटून विचार केला. एकेचाळीस पोरं अर्धी भाकर हातात धरून थांबली. नाक्यावरून वाशिमची एसटी गेली तरी कुणाचं लक्ष गेलं नाही.

"मंग," मामा म्हणाला, "दुसरं द्या."

त्यानं खाल्लं. आधी कडेनं, मग मधून. नाक ओढलं, डोळ्यांत पाणी आलं.

"तिखट हाय," तो म्हणाला.

"तिखट हाय म्हणते," रस्त्याच्या कडेला म्हाताऱ्यांनी एकमेकांना कळवलं. अठरा वर्षांत मामानं दिलेली ही चवीची पहिली खबर होती.

रामप्रसाद सर आता भानावर आले. अकरा सहलींतले सगळे जुलाब त्यांच्या डोळ्यांपुढून गेले असणार. "तालीम पहिल्यापासून," त्यांनी हुकूम सोडला आणि शिट्टी फुंकली. पोरं गाठी पुन्हा बांधायला लागली.

पुजा बसली नाही. तिनं प्लेटमधली उरलेली दोन भजी उचलली आणि रस्ता ओलांडून पालकांकडं आली. चालता चालता एक खाऊन टाकलं. ते खरंच तिखट होतं, आणि मीठ खरंच कमी होतं, आणि हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. उत्तमसिंगचा हात पुन्हा टोपीकडं गेला. रुख्मिणीबाई म्हणाली, "जाय, बस खाली, लेकरा. भाकर वाळून राहिली."

पुजानं दुसरं भजं दोघांच्या मधोमध धरलं. कुणीच घेतलं नाही, म्हणून ते तसंच धरून ती बोलली.

"याडी, बा, दोघंबी ऐका. मी मुंबईला भाकर नेणार न्हाई. सहाच्या सहा जेवणं मी तिथलीच जेवणार, पुस्तकात बोट जिथं पडंल ते मागणार, अन् सरांना खरी यादी, चवीची, मी परत आल्यावर लिहून देणार."