ओळ न संपलेले आकडे

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. ज्वालामुखीच्या पायथ्याशी, नदीकाठच्या शाळेत मी एका कोपऱ्यात बसलेला असतो. पूर्वी साखर कारखान्याच्या काट्यावर मी उसाच्या गाड्या तोलायचो. तेव्हा माझा काय थाट होता! मग नवी यंत्रं आली आणि माझी रवानगी अडगळीत झाली. शाळेनं मला मागून आणलं आणि लारस नावाच्या मुलीनं माझी धूळ पुसली. तो मऊ हात मी विसरलेलो नाही.

लारसचे वडील नदीच्या पात्रात वाळू काढत. वर डोंगरात पाऊस झाला, की खाली लख्ख ऊन असतानाही त्या पात्रातून राखेचा चिखल धडाडत येतो. म्हणून लारसनं सी भाषेत प्रोग्राम लिहिला. तिचा पहिलाच. नदीतल्या मापकाची तार माझ्यापर्यंत आली होती. प्रोग्राम पाण्याची उंची बघे आणि पुन्हा स्वतःलाच हाक मारी. पाणी चढलं तरच पडद्यावर आकडा उमटे. आकडा दिसला, की दारातलं पोकळ लाकूड, केंटोंगान, बडवून पात्रातल्या वाळू काढणाऱ्यांना वर बोलवायचं.

"मग मी निवांत खणतो," वडील हसत म्हणाले. "तुझं यंत्र मधेच जेवायला नाही ना जात?"

"तुमच्यासारखं तीनदा नाही जात, बापाक!"

पाहुणे शाळा बघायला येणार होते. शिक्षिका निंग्रुम यांनी माझ्या पडद्याकडे पाहून नाक मुरडलं.

"शेळीच्या लेंड्या सांडल्यात का गं? सगळे आकडे एका ओळीत बसव."

"बसवते, बू," लारस म्हणाली. बाईंना तिकडे बू म्हणतात.

लारसनं प्रत्येक आकड्यामागची ओळ संपल्याची खूण काढली आणि तिथे स्वल्पविराम घातला. बादलीत मापक बुडवून तिनं मोजक्याच मापांची छोटी चाचणी घेतली. प्रोग्राम संपला आणि सगळे आकडे सुरेख ओळीत उमटले. निंग्रुमबाईंनी तिची पाठ थोपटली. मला मात्र धडकी भरली. ओळ किंवा प्रोग्राम संपेपर्यंत अक्षरं पोटात धरून ठेवायची, अशी माझी घडण आहे. नदीवरचा प्रोग्राम तर संपणारच नव्हता.

दुसऱ्या दिवशी ऊन होतं. पाणी चढू लागलं. एक आकडा पोटात आला, मग त्याहून मोठा, मग आणखी मोठा. पडदा काळाच राहिला.

"आज नदी शांत आहे, बू," लारस उकडलेला कसाव्याचा कंद खात म्हणाली.

मला ओरडायचं होतं. मला तोंड नव्हतं.

टेबलावरच्या चहाच्या पेल्यात तरंग उठले, तेव्हा ती धावली. केंटोंगान ऐकून बाकीचे वर चढले. तिचे वडील सर्वांत खाली, वळणापाशी होते. ते आले नाहीत.

संध्याकाळी कुणीतरी माझी वीज तोडली आणि ते आकडे न वाचताच पुसले गेले.

पुढे बादलीत पुन्हा, प्रोग्राम न संपवता, चाचणी घेतल्यावर लारसला चूक दिसली. आता ती प्रत्येक आकड्यामागे ओळ संपवते. मित्रांनो, माझी धूळ पुसा, मला नीटनेटकंही करा, पण आधी मी बोलू शकतोय ना, ते बघा. पडद्यावर पुन्हा लेंड्या सांडतात. निंग्रुमबाई त्यातला एकेक आकडा वाचत उभ्या राहतात.