ओळख पटवायला

सून पळाली म्हणून गावानं मला लई बोल लावलं. "सोजराबाई, पोराचं लग्न केलं का सोनं वाटलं?" बोला म्हणावं. ज्यांच्या घरात पस्तिशीचं पोरगं बिनलग्नाचं बसलंय, त्यांनी मला विचारावं. बाकीच्यांनी तोंड आवरावं.

माझ्या मच्छिंद्रला आमच्या कवठ्यात कोण पोरगी देईना. विहीर हाय, बागायत हाय, पण पोरींना नोकरीवाला पायजे. मग सणसवाडीच्या एका एजंटानं सविता दाखवली. आईबाप न्हाईत, एकटा भाऊ. लग्न झालं आन् पोरीनं घर असं धरलं, की मच्छिंद्र शेतातनं दुपारचा जेवायला घरी यायला लागला. आधी कवा यायचा न्हाई.

मांडवपरतणीला तिचा भाऊ मुराळी म्हणून न्यायला आला. ती म्हणाली, "आई, दागिनं नको, गाडीत गर्दी असती." मीच ऐकलं न्हाई. सून लंकेची पार्वती होऊन माहेरी गेली, तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील. माझ्या हातानं पाटल्या चढवल्या तिला. गेली ती गेलीच. भाऊबी खोटा, माहेरबी खोटं.

मच्छिंद्र तक्रार करीना. "तिला कुणीतरी डांबून ठेवलंय," एवढंच म्हणायचा.

दिवाळीच्या तोंडावर ती दौंड स्टेशनात घावली. दुसऱ्या एका नवरदेवाच्या माणसांनी पोलिसांत दिली. एजंटानं आमचं नाव सांगितलं, आन् पहिल्या नवऱ्यानं ओळख पटवायला यावं, असा निरोप आला. मच्छिंद्र जाईना. तवा माझा भाऊ सोपानराव त्याला म्हणला, "येड्या, माझी बायको हाय म्हण, सही कर, आन् घेऊन ये घरी. नवऱ्याच्याच ताब्यात देत्यात." मलाबी खरं वाटलं. आम्ही कवा ठाण्याची पायरी चढलोय? आन् लपवू कशाला, मलाबी ती घरात हवी होती. माझ्या भावानं फसवलं, तितक्या सफाईनं तर त्या एजंटानंबी फसवलं नव्हतं.

पोरगं दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघालं, संगं मी आन् सोपानराव. ठाण्यात सविता बाकड्यावर बसली होती, पार वाळली होती. ह्याला बघून ती नको नको म्हणून मान हलवत होती. ह्याला वाटलं, लाजली.

"साहेब, हीच. माझीच बायको हाय," मच्छिंद्र म्हणला. साहेबांनी लिहून घेतलं, सही घेतली. बाई पोलीस तिला धरून आत घेऊन निघाली. जाता जाता सविता म्हणाली, "अहो, न्हाई म्हणायचं होतं."

"मामा, कुठं नेली तिला?"

"आत. तुझ्याच सहीनं," सोपानराव म्हणला. "आता तरी शहाणा हो."

मच्छिंद्र परत टेबलापाशी गेला. "साहेब, माझी चूक झाली. ही ती न्हाई."

साहेब म्हणले, "घरी जा बाबा."

मी दंडाला धरून त्याला वढत होते, आन् एवढा बाप्या गडी लेकरागत रडत सांगत होता, "हिला मी वळखत न्हाई, साहेब. कोण हाय ही, मला ठाव न्हाई."